रोप ते पट्टी : भाजीपाल्याच्या शेतावर शिकाऊ म्हणून पहिला हंगाम

भाजीपाल्याची शेती शिकायची असेल तर एक पीक धरा, एक प्लॉट धरा आणि रोप लावल्यापासून शेवटच्या तोड्याची पट्टी, म्हणजे बाजारातल्या विक्रीचा हिशोबाचा कागद, हातात येईपर्यंत तिथून हलू नका. आठ दिवस टोमॅटोवर, आठ दिवस पॉलिहाऊसमध्ये, मग कुठे शेवग्यावर असं फिरणाऱ्या मुलांना फोटो भरपूर मिळतात, पण पीक कळत नाही. चूक केली तिचा परिणाम पंधरा दिवसांनी दिसतो, आणि तोवर तुम्ही दुसऱ्या गावी गेलेले असता.

कृषी महाविद्यालयाची शेवटच्या वर्षाची मुलं कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावात येतात, त्यांना हे लागू आहेच. पण नोकरी सोडून शेतीत उतरायचं मनात असलेले, घरची जमीन आहे पण कसायची कशी ते माहीत नाही असे, त्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहितो आहे. उदाहरण घेतलंय जुन्नर तालुक्यातल्या उन्हाळी टोमॅटोचं, कारण पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावला टोमॅटोचा मोठा बाजार आहे, कुकडी प्रकल्पाचं पाणी आहे, रोपवाटिका आहेत, कृषी विज्ञान केंद्र आहे. लावण्यापासून विकण्यापर्यंत सगळं दहा-पंधरा किलोमीटरच्या आत पाहायला मिळतं.

शेत निवडताना

फेब्रुवारी-मार्चमध्ये लागवडी होतात आणि लागणीनंतर साधारण साठ-सत्तर दिवसांनी तोडे चालू होतात. म्हणजे जानेवारीतच शेत ठरवायला हवं. ओळख नसेल तर रोपवाटिकेत जा. कोण किती रोपं बुक करतो, कोण दर वर्षी वेळेवर नेतो, कोण शेती मन लावून करतो हे रोपवाटिकावाल्याइतकं कुणालाच माहीत नसतं. कृषी सेवा केंद्रातही चौकशी करा, पण तिथे सगळ्यात जास्त औषधं घेणाऱ्याचं नाव आधी सांगितलं जातं हे लक्षात ठेवा.

शेत फार मोठं नको. भाजीपाला दोन ते पाच एकर, मालक स्वतः रानात उभा राहणारा, आणि टोमॅटोबरोबर आणखी एखादं पीक, कोबी, मिरची, काकडी काहीही. वीस एकरांवर तुम्ही मजुरांच्या हजेऱ्या लिहिणारा कारकून होता. मालकाकडे मागच्या हंगामाची वही आहे का ते विचारा. वही ठेवणारा माणूस शिकवू शकतो.

बोलणी पहिल्याच भेटीत करा आणि साध्या कागदावर लिहून घ्या : राहायची सोय कुठे, जेवण कुणाकडे, आठवड्याची सुट्टी, दर महिन्याचे पैसे, आणि फवारणी करावी लागेल की नाही. पैशांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिला महिना जेवण-राहण्यावर काढायला हरकत नाही, कारण त्या महिन्यात तुमच्यामुळे मालकाचं काम वाढतं, कमी होत नाही. त्यापुढे फुकट राबू नका. गावात रोजाचा दर काय चालू आहे ते विचारा, त्यातून राहण्या-जेवणाचं वजा करा आणि उरलेली रक्कम मागा. शिकवतो म्हणून पैसे देणार नाही असं म्हणणाऱ्याकडे शिकवायला सहसा वेळही नसतो.

सोबत काय न्यावं

पूर्ण बाह्यांचे जुने सुती शर्ट, टोपी, गुडघ्यापर्यंतचे गमबूट, चांगली बॅटरी, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, खिशात मावणारी वही आणि पेन्सिल. पेन घामाने आणि पाण्याने पसरतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर निघण्याआधी घ्या, कारण विळा, खुरपं, गंजलेली तार यांनी कधीतरी हात कापतोच.

दोन गोष्टी पहिल्याच दिवशी माहीत करून घ्या. सर्पदंशावरची लस असलेला सगळ्यात जवळचा दवाखाना कोणता, आणि रात्री तिथे पोचायला गाडी कुणाची. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि थेट दवाखाना गाठायचा.

दुसरी गोष्ट बिबट्याची. जुन्नरच्या उसात बिबटे राहतात, तिथेच त्यांची पिल्लं वाढतात. अंधार पडल्यावर उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम करू नका, उभं माणूस आणि बसलेलं माणूस यांत बिबट्याला फार फरक वाटतो. रात्री पाण्याला जायची वेळ आली तर दोघांनी जा, मोबाईलवर गाणी लावा, मोठ्याने बोला, हातात काठी आणि बॅटरी असू द्या. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ फोनमध्ये ठेवा.

पहिला आठवडा : खुरपं आणि माणसं

पहिले दोन दिवस बांधाने फिरून एक नकाशा काढा. विहीर कुठे, मोटर कुठे, स्टार्टरची पेटी, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर), मुख्य पाइपलाइन, कुठल्या व्हॉल्व्हवर कुठला प्लॉट. गुंठ्याचा हिशोब पाठ करा : एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. खत, औषध, रोपं, मजुरी सगळं यावरच चालतं.

मग खुरपणीला बसा. खुरपणी हे शिकाऊ माणसाचं खरं प्रवेशपत्र आहे. बायकांबरोबर एक पात, म्हणजे खुरपायची एक ओळ, धरायची आणि ती शेवटपर्यंत न्यायची. तुम्ही मागे पडाल. पडू द्या, पण गवत वरून तोडून पुढे पळू नका, मुळासकट काढा. हरळी आणि लव्हाळा वरून कापले की आठवड्यात परत उभे राहतात, आणि तुमची पात कोणती होती ते सगळ्यांना दिसतं.

मजुरांमध्ये बऱ्याच जणी तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातून कामाला येतात, वर्षानुवर्षं हेच काम करतात. मावशी, ताई, वहिनी, जे गावात चालतं त्या नात्याने बोला. कधी तोडायचं, कुठला फुटवा काढायचा, कुठल्या झाडाला काय झालंय हे त्यांना हाताने कळतं. पातीत फोन काढू नका आणि न्याहारीला वेगळे बसू नका. आठ दिवस असं वागलात की विचाराल ते सांगतात. एकच पथ्य आहे : पाहुणा म्हणून आलेल्या शिकलेल्या माणसाने त्यांच्यावर मुकादमकी करायची नाही. मालकाने सांगितली तरी पहिल्या महिन्यात नाही.

वाफसा ओळखणं

पाणी दिल्यावर किंवा पावसानंतर रानात कधी शिरायचं हे वाफशावर ठरतं. चार बोटं खोलवरची माती मुठीत घ्या आणि दाबा. बोटांच्या फटींतून चिखल आला तर अजून ओल जास्त आहे. गोळाच होत नसेल तर रान वाळलंय. गोळा झाला, अंगठ्याने टिचकी मारली आणि तो फुटून मोकळा झाला, तर वाफसा आहे. काळ्या मातीत हा मधला काळ फार थोडा असतो, मुरमाड रानात लवकर येतो. ओल्या रानात ट्रॅक्टर घातला की ढेकळं बांधली जातात आणि ती पूर्ण हंगाम मुळांना नडतात. रोज सकाळी तीन ठिकाणी मूठ दाबून पाहा, ती कशी वाटली ते वहीत लिहा, आणि मग मालकाला विचारा की तुमच्या मते वाफसा आहे का. पंधरा दिवसांत दोघांचं उत्तर जुळायला लागतं.

लागवड

रान नांगरून, रोटाव्हेटर मारून, शेणखत घालून गादीवाफे, म्हणजे बेड, पाडलेले असतात. एका बेडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पाच फूट आणि दोन रोपांत दीड फूट अंतर धरलं तर एका रोपाला साडेसात चौरस फूट जागा मिळते, म्हणजे एकरात सुमारे ५८०० रोपं. हे गणित स्वतः करून पाहा. अंतर बदललं की रोपं, ठिबक, बांबू, सुतळी सगळ्याचे आकडे बदलतात.

बेडवर आधी लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, त्यावर मल्चिंग पेपर, म्हणजे बेड झाकणारा प्लास्टिकचा कागद, चंदेरी बाजू वर. पेपर ताणून बसला पाहिजे. सैल राहिला तर वाऱ्याने फडफडतो आणि कोवळी खोडं कापतो. रोपं साधारण पंचवीस दिवसांची, ठेंगणी, जाड खोडाची घ्यावीत. ट्रेमधून रोप उपसताना कोकोपीटचा गोळा अख्खा निघायला हवा आणि मुळं पांढरी दिसायला हवीत. उंच, पिवळसर, वाकलेलं रोप स्वस्तात मिळालं तरी परत करा.

लागण दुपारनंतर, ऊन उतरल्यावर. आदल्या दिवशी बेड भिजवलेला असावा. उन्हाळ्यात एक बाब हमखास राहून जाते : मल्चिंगच्या छिद्रातून गरम वाफ वर येते आणि तापलेला कागद खोडाला टेकला की खोड तिथेच भाजतं. रोप छिद्राच्या बरोबर मधे बसवा आणि भोवती मूठभर माती टाकून छिद्राची कड झाका. लागण उरकल्यावर प्रत्येक बेडवरून परत एकदा चालत जा, फक्त हे एक काम करत. पुढच्या आठ दिवसांत मेलेली रोपं मोजा आणि नांगे भरा, म्हणजे त्या जागी नवी रोपं लावा. उशिरा भरलेलं रोप शेजारच्या सावलीत दबून जातं.

पाणी, वीज आणि खत

शेतीची वीज ठरलेल्या तासांची असते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. तुमचं वेळापत्रक त्यावर चालणार. स्टार्टरला हात लावताना हात कोरडे, पायात चप्पल-बूट, शक्यतो लाकडी फळीवर उभं राहून. पेटीतून झिणझिण्या येत असतील तर मालकाला सांगा आणि वायरमन येईपर्यंत हात लावू नका. मोटर, फ्यूज, डीपी ही शिकाऊ माणसाची कामं नाहीत, कितीही घाई असली तरी.

ठिबकची तपासणी मात्र पूर्ण तुमची करून घ्या. तासाला चार लिटर सोडणारा ड्रिपर तीन मिनिटांत २०० मिली पाणी देतो. ड्रिपरखाली छोटा खड्डा करून ग्लास ठेवा आणि फोनवर वेळ लावा. बेडच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजा. शेवटी १५० मिलीच येत असेल तर दाब कमी पडतोय, फिल्टर तुंबलाय किंवा मधे कुठेतरी नळी फुटलीय. आठवड्यातून एकदा लॅटरलची शेवटची टोकं उघडून गढूळ पाणी जाऊ द्या, स्वच्छ यायला लागलं की बंद करा. पाच फुटांवर लॅटरल आणि चाळीस सेंटिमीटरवर चार लिटरचा ड्रिपर असेल तर एकरात तासाला सुमारे २६,५०० लिटर पाणी जातं. हा आकडा डोक्यात असला की ‘तासभर सोड’ म्हणजे नक्की काय ते समजतं. एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागतो आणि कालव्याच्या आवर्तनाची, म्हणजे पाणी सुटण्याच्या पाळीची, वाट पाहावी लागते, तेव्हा तर हा हिशोब लागतोच.

खत सोडताना वेळेचे तीन भाग करा : आधी साधं पाणी, मधे खताचं, शेवटी परत साधं. शेवटचा भाग चुकवला तर खत नळीत राहतं आणि ड्रिपर बंद पडतात. कॅल्शियम नायट्रेट एकटं सोडा. बारा-एकसष्ट, शून्य-बावन्न-चौतीस ही स्फुरदाची खतं किंवा मॅग्नेशियम सल्फेट त्याच टाकीत घातलं की साका तयार होतो. बादलीत चमचाभर घेऊन पाहा, पाणी दुधासारखं झालेलं दिसेल.

बांधणी

लागणीनंतर तीन आठवड्यांच्या आत बांबू रोवून तारा ओढून व्हायला हव्यात. सुतळीचा फास खोडाला सैल ठेवा, एक बोट जाईल इतका. खोड पुढे जाड होतं आणि घट्ट फास मांसात रुतावा तसा रुततो. जमिनीला टेकलेली खालची पानं काढा, कारण करपा हा बुरशीचा रोग तिथूनच वर चढतो. काम करताना तंबाखू, बिडी नको, कारण तंबाखूतून आणि हातांवरून विषाणू झाडाला लागतात. रोगट झाडाला हात लावला तर साबणाने धुऊनच पुढच्या झाडाकडे.

रोज सकाळी झाड वाचणं

शिकाऊ माणूस शेताला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो इथे. मालकाला बँक, बाजार, मजूर, लग्नं सगळं असतं. तुमच्याकडे सकाळचा एक तास आहे. प्लॉटमध्ये नागमोडी चालत वीस झाडं निवडा, रोज वेगळी. आधी शेंडा, मग मधलं पान उलटं करून, मग फूल, फळ, शेवटी खोडाचा बुडखा.

पानावर बारीक, वेडीवाकडी पांढरी रेघ दिसली तर ती नागअळी. तिने सहसा फार बिघडत नाही. पण रेघेऐवजी रुंद, पापुद्रा सुटल्यासारखा पट्टा दिसला तर पान तोडून सूर्याकडे धरा. आत काळ्या विष्ठेचे ठिपके आणि एका कडेला फिकट हिरवी अळी हलताना दिसली तर तो टुटा. भारतात त्याची पहिली नोंद २०१४ मध्ये महाराष्ट्रातच झाली. फळावर तो देठाच्या टोपीखाली टाचणीएवढं भोक पाडतो आणि बाहेरून फळ चांगलं दिसतं, म्हणून टोपी उचलून पाहायची सवय लावा. टुटाच्या कामगंध सापळ्यांत (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) अडकलेले पतंग रोज मोजा आणि आकडा लिहा.

फूल तळहातावर टिचकीने झटका. पिवळसर, बारीक काडीसारखे जीव पळताना दिसले तर ते फुलकिडे, आणि त्यांच्यामागे टोस्पो हा विषाणू येतो. शेंडा काळपट-तांबूस होऊन झाड थांबलं की औषध नाही, झाड उपटून पिशवीत घालून प्लॉटबाहेर न्यायचं. २०२० च्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांनी ‘तिरंगा’ नाव दिलेला विषाणू संगमनेर, अकोले, जुन्नर भागात पसरला होता, फळावर पिवळे-पांढरे पट्टे यायचे. तपासणीत सापडलेल्या विषाणूंमध्ये मावा किडीमार्फत पसरणारा काकडीवरचा विषाणूही होता. त्यामुळे मावा, पांढरी माशी, फुलकिडे हे तिन्ही पहिल्या महिन्यातच पकडायचे असतात. पिवळे आणि निळे चिकट सापळे त्यासाठीच आहेत.

पानावर गोल गोल कड्यांचा तपकिरी डाग दिसला तर तो लवकर येणारा करपा. ढगाळ, गार हवेत पाण्याने भिजल्यासारखा काळपट डाग झपाट्याने पसरला आणि पहाटे पानाखाली पांढरी बुरशी दिसली तर उशिरा येणारा करपा, आणि मालकाला तिथूनच फोन. फळाचा खालचा भाग काळा, चपटा, चामड्यासारखा झाला असेल तर तो रोग नाही. पाणी कधी भरपूर, कधी नाही असं झालं की फळाला कॅल्शियम पुरेसं मिळत नाही. त्यावर बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे वाया.

फवारणी

पहिल्या महिन्यात फवारणीपासून लांब राहा, आणि पुढेही संरक्षक साधनं नसतील तर सरळ नाही म्हणा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी, शेतमजूर गेले. हे लांबचं काहीतरी नाही. हाच पंप आहे आणि यातली काही औषधं त्याच जातीची आहेत.

प्रत्येक डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. डब्याबरोबरचं पत्रक अगदी बारीक अक्षरात असतं आणि ते वाचण्याचं काम तुम्ही आपणहून घ्या : औषध टोमॅटोसाठी शिफारस केलेलं आहे का, मात्रा किती, फवारणी ते तोडा यात किती दिवस, उतारा कोणता. हे दिवस गोठ्याच्या किंवा शेडच्या भिंतीवर खडूने लिहा, म्हणजे तोडा आधी होणार नाही. उद्या हा टोमॅटो कुणाच्यातरी पोराच्या कोशिंबिरीत जाणार आहे.

फवारायचंच असेल तर सकाळी लवकर, वारा तोंडावर येणार नाही असं उभं राहून, हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण कपडे. चार-पाच औषधांचं मिश्रण करायला सांगितलं तर हरकत घ्या. नंतर साबणाने अंघोळ आणि कपडे वेगळे धुणं. खूप घाम, तोंडाला लाळ, मळमळ, अंधुक दिसणं यातलं काही जाणवलं तर घरगुती उपाय करत बसू नका. कपडे काढा, अंग धुवा आणि औषधाचा डबा किंवा पत्रक बरोबर घेऊनच दवाखान्यात जा. डॉक्टरांना सगळ्यात आधी तेच लागतं.

तोडा आणि बाजार

तोडे सुरू झाले की दर तीन-चार दिवसांनी पहाटेपासून काम. लांबच्या बाजाराला जाणारा माल नुकता रंग धरलेला हवा, जवळच्या गिऱ्हाइकाला लाल चालतो. फळ टाकायचं नाही, ठेवायचं. कॅरेट (माल भरायचे क्रेट) सावलीत, आणि भरताना तळाला टणक माल. डागी, तडकलेलं, टुटाचं भोक असलेलं फळ रानातच सोडू नका, गोळा करून बाहेर पुरा. पुढच्या पिढीची अळी त्यातच असते.

मग गाडीबरोबर नारायणगावला जा, किमान पाच-सहा वेळा. आडत्याच्या, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाच्या, गाळ्यावर उभे राहून भाव कसा पुकारतात, कुठल्या कॅरेटला व्यापारी हात लावून पुढे जातो, कुठल्यापाशी थांबतो ते पाहा. वर चांगला आणि खाली हलका माल भरलेल्या शेतकऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी सगळ्या गाळ्यांवर माहीत झालेलं असतं. पट्टी हातात आली की ओळ न् ओळ वाचा : कॅरेट किती, भाव काय, हमाली, तोलाई, गाडीभाडं, आणि शेवटी निव्वळ. २०२३ च्या मे महिन्यात भाव इतका पडला होता की लोकांनी टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतले, आणि त्याच वर्षी जुलैत २० किलोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं. माल तोच, मेहनतही तीच. म्हणून एका चांगल्या पट्टीवर शेती करायचा निर्णय घेऊ नका, आणि एका वाईट पट्टीवर सोडूही नका. पूर्ण हंगामाच्या पट्ट्या एका दोऱ्यात ओवून ठेवा.

शेवटचे पंधरा दिवस

भाव संपला की बहुतेक शिकाऊ मुलं निघून जातात. थांबा. सुतळ्या कापणं, तारा गुंडाळणं, बांबू उपसून सावलीत रचणं, मल्चिंगचा कागद तुकडे न करता गोळा करणं, रोगट झाडं बाहेर काढणं ही कंटाळवाणी कामं पुढच्या पिकाचा खर्च ठरवतात. एक बांबू दोन-तीन हंगाम टिकवता आला तर किती वाचतात ते मालकाबरोबर बसून काढा. त्या रानात पुढे टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा यातलं काही येणार नाही याची आठवणही करून द्या. ही सगळी एका कुळातली पिकं आहेत आणि त्यांचे रोगही बरेचसे तेच.

याच दिवसांत मालकाकडे दोन मागण्या करा. पहिली, पुढच्या हंगामात दोन गुंठे स्वतःच्या जबाबदारीवर करायला. निर्णय तुमचे, खर्च ठरवून घेतलेला. दुसरी, एका संध्याकाळी दोघांच्या वह्या समोर ठेवून हिशोब. एका बाजूला रोपं, मल्चिंग, खत, औषध, मजुरी, वाहतूक आणि मालकाच्या घरच्या माणसांची मजुरी, जी सहसा कुणीच धरत नाही. दुसऱ्या बाजूला दोऱ्यात ओवलेल्या पट्ट्या. कॅरेटमागे उत्पादन खर्च किती आला तो आकडा काढा आणि तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या जानेवारीत रोपं किती सांगायची, ते त्यावरून ठरवायचं आहे.